गोव्यात नव्याने आलात? बदलाच्या दिवसांत एक उपासना-गीत हाताशी कसं धरावं

बदली होऊन वास्कोला आलेले, वेर्ण्याच्या कारखान्यात लागलेले, लग्न होऊन गोव्याच्या कॅथलिक घरात आलेले, मुलं परदेशी गेल्यावर दोघंच उरलेले असे मराठी ख्रिस्ती लोक आमच्या प्रार्थनेला येतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते. आठवडाभर कामात दिवस निघून जातात, रविवारी मात्र जड जातं. गावाकडच्या मंडळीत गीताचा नंबर पुकारला की पुस्तक उघडायच्या आधी तोंडातून ओळ निघायची. इथे गीत सुरू होतं ते इंग्रजीत नाहीतर कोंकणीत, आणि आपण तोंड मिटून उभे.

मी मिरजेकडून इथे आलो आणि मराठी मंडळीत पेटी वाजवतो. नवीन माणसाला मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो: मोबाइलवर पन्नास गाण्यांची यादी करू नका, एकच गीत धरा. बदल चालू आहे तोवर तेच गायचं. यादी ऐकता येते, पण ती अंगात भिनत नाही. ते एक गीत कसं निवडायचं, कोणत्या पट्टीत धरायचं, घरात आणि मंडळीत कसं वापरायचं आणि कधी सोडायचं, ते पुढे लिहिलंय.

आधी जमवायचं सामान

- मराठी बायबल. स्तोत्रसंहितेसाठी ते लागणारच.
- तुमच्या मंडळीचं गीतपुस्तक. प्रॉटेस्टंट मराठी घरात बहुधा ‘उपासना संगीत’ असतं. गावाहून येतानाच पिशवीत टाका. राहिलं असेल तर घरच्यांना हव्या त्या पानाचा फोटो पाठवायला सांगा.
- एक जाड वही आणि पेन. शब्द हाताने उतरवायचे आहेत.
- फोनवर तानपुऱ्याचं एखादं फुकट अ‍ॅप आणि आवाज रेकॉर्ड करायची सोय.
- रविवारची दोन फोन नंबरं. एक मराठी उपासना चालवणाऱ्या पाळकांचं, दुसरं तिथे गाणाऱ्या कुणाचं तरी. इथे एकाच हॉलमध्ये वेगवेगळ्या भाषांच्या उपासना होतात, आणि सणासुदीला वेळा बदलतात. शनिवारी फोन करून विचारलेलं बरं.

पेटी, गिटार नसली तरी काही अडत नाही.

१. बदल कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

ही पायरी सगळे गाळतात आणि थेट आवडतं गाणं लावतात. पण बढती मिळून आलेल्या माणसाला जे गीत लागतं, ते आई गेल्यावर घर बंद करून आलेल्याला लागत नाही. एका संध्याकाळी वही घेऊन बसा आणि दोन ओळी लिहा: या बदलात माझं काय गेलं, आणि मी कशाची वाट पाहतोय. देवाचे आभार वगैरे नंतर लिहा.

मग स्तोत्रसंहिता उघडा. दीडशे स्तोत्रांत बहुतेक सगळ्या अवस्था येऊन जातात. १२० ते १३४ ही स्तोत्रं यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची आहेत. घर सोडून निघालेल्यांना १२१वं बरोबर बसतं. परमुलखात जीभ अडखळते त्यांच्यासाठी १३७वं आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या कैद्यांनी आपल्या वीणा झाडांना टांगल्यात, आणि पकडून नेणारेच त्यांना तुमची गाणी म्हणून दाखवा म्हणताहेत. मात्र या स्तोत्राचा शेवट भयंकर आहे, सूडाचा आहे. मंडळीत वाचायचं ठरवण्याआधी घरी पूर्ण वाचा. म्हातारपण आणि निवृत्तीसाठी ७१ आणि ९० पाहा. मरणाच्या दुःखात सगळे २३ उघडतात, त्यात वावगं काही नाही. पण दुःख ताजं असेल तर ८८सुद्धा वाचून पाहा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड पडत नाही. देवासमोर इतकं उघडं बोलता येतं हे पुष्कळांना माहीतच नसतं.

वाट पाहणं हा या किनाऱ्यावरचा जुना धंदा आहे. घरातल्या तारवट्याची, म्हणजे खलाशाची, जहाजावर चढायची तारीख पुढे ढकलली जातेय, पोर्तुगीज पासपोर्टचे कागद अडकलेत, आखातातून फोन येत नाही. अशा घरांसाठी १३वं. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत ‘कुठवर’ हा सवाल चार वेळा येतो आणि शेवटच्या वचनात माणूस गायला लागतो. अवस्था कोणती ते या वाचनातून कळलं की मग त्या अवस्थेचं गीत शोधायला बसा.

२. गीत निवडा, पण चालीवर भुलू नका

गीताचे शब्द आधी चालीशिवाय मोठ्याने वाचा. वाचताना तीन गोष्टी बघा.

गीत कोणाशी बोलतंय? देवाशी बोलणारं गीत अडचणीच्या दिवसांत टिकतं. आपणच आपल्या भावनांबद्दल बोलत राहणारं गीत आठवड्यात कंटाळा आणतं.

त्यात संकटाला जागा आहे का? पहिल्या ओळीपासून जयजयकार असेल तर ते सणाला ठेवा. नोकरी गेलेल्या माणसाला विजयाचं गीत गायला लावणं हा आमच्या प्रार्थनासभांमधला सर्रास चालणारा आगाऊपणा आहे. हेतू चांगलाच असतो, पण ते गीत त्या माणसाला पुढे वर्षभर नकोसं होतं.

आणि देवाने न दिलेलं वचन ते गीत देतंय का? ‘जागा बदल, मग भरभराट होईल’ अशा अर्थाचं काही असेल तर तिथेच पुस्तक मिटा. बायबलात अब्राहाम निघाला खरा, पण त्या देशात पोचल्यावर आधी दुष्काळच पडला. उत्पत्तीचा १२वा अध्याय वाचा.

भाषेबद्दल माझं मत पक्कं आहे. कितीही चांगलं इंग्रजी येत असलं तरी या कामाला ज्या भाषेत रडता येतं तीच भाषा घ्यावी. मराठीत त्यासाठी साठा मोठा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती भक्ती अभंगाच्या छंदात आणली, त्यामुळे ती गीतं टाळांवर चालतात आणि पेटी नसली तरी पडत नाहीत. आणि गोव्यात मराठी ख्रिस्ती गाणं उपरं आहे असं कोणी म्हणालं तर हसून सोडा. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ साली इथेच, राशोलला छापलं गेलं. त्याची भाषा मराठी. आपण फार उशिरा आलो, एवढंच.

निवड झाली की गीत वहीत हाताने उतरवा. तीनपेक्षा जास्त कडवी असतील तर तुमच्या अवस्थेची दोन-तीन निवडा. पूर्ण गीत मंडळीसाठी आहे, रोजच्यासाठी एवढं पुरे.

३. पट्टी लावून घ्या

रेकॉर्डिंग ऐकून गायला गेलेला माणूस तिसऱ्या ओळीत का थांबतो? मन भरून येतं म्हणून कधीकधी, पण बहुतेक वेळा पट्टी उंच असते म्हणून. स्टेजवरचा तयार गायक आपल्या गळ्याला शोभेल असा सा धरतो. आपण सकाळी सहाला, चहाच्या आधी, तिथे पोचत नाही.

सोपा उपाय असा. गीतातला सगळ्यात उंच सूर कोणत्या शब्दावर आहे ते शोधा. बहुधा तो कडव्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत असतो. सकाळी उठल्या उठल्या फक्त ती ओळ म्हणा. मान वर न करता, गळा न ताणता लागली तर पट्टी बरोबर. नाही लागली तर तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर सा एकेक पट्टी खाली आणत जा. मग सगळ्यात खालचा सूरही तपासा, तो पुटपुटण्यासारखा होत असेल तर एक पट्टी वर. पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांच्या हिशेबात पुरुषांना साधारण काळी एक-दोन आणि बायकांना काळी चार-पाच सोयीची पडते, पण हा ठोकताळा आहे. घरात नवरा-बायको दोघं गाणार असतील तर ज्याचा आवाज कमी फिरतो त्याची पट्टी धरा.

ठरलेली पट्टी वहीत गीताच्या डोक्यावर लिहा. लय रेकॉर्डिंगपेक्षा सावकाश ठेवा. केहरवा ताल असेल तर ठेका बोटाने मांडीवर धरला तरी पुरतो.

पेटी असेल तर गोव्याच्या पावसाबद्दल चार शब्द, कारण देशावरून आलेल्यांना याची कल्पना नसते. जूनमध्ये हवा इतकी ओली होते की लाकूड फुगतं, पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत, एखादा सूर आपोआप वाजत राहतो आणि भात्याला बुरशी धरते. पेटी खिडकीजवळ किंवा जमिनीवर ठेवू नका. आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला. कपाटात असेल तर तिथे जुन्या पद्धतीचा छोटा पिवळा बल्ब अधूनमधून लावा, पेटीला चिकटवून नाही. उन्हात वाळवू नका, सरस सुटतो. अडकलेली पट्टी चाकूने उचकटणारे महाभाग मी पाहिले आहेत, पुढचा खर्च त्यांनाच माहीत. गिटारच्या तारा तर एका पावसाळ्यात गंजतात, त्या गंजणार हे धरूनच चला.

४. रोजची वेळ ठरवा

पहिला आठवडा फक्त वाचा. दुसऱ्यापासून एक कडवं गा. एक कडवं किमान आठवडाभर. पुढचं कडवं तेव्हाच, जेव्हा पहिलं वहीशिवाय येतं.

वेळ अशी निवडा की तिच्यावर दुसरं काही अवलंबून नाही. वेर्ण्याची कंपनीची बस पकडणारे सकाळी गायला बसले की बस चुकते, आणि मग गाणंच सुटतं. त्यांनी संध्याकाळी घरी आल्यावर, बूट काढून, टीव्ही लावायच्या आधी गावं. रात्रपाळीवाल्यांनी झोपण्याआधी. पाच मिनिटं पुष्कळ झाली.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर भिंती पातळ असतात, हळू गा. माइक आणि स्पीकर तर लावूच नका. आणि घरी प्रार्थनासभा ठेवली असेल तर हे लक्षात असू द्या की रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने मनाई आहे. गोव्यात लोक तक्रार करतात आणि पोलीस येतातही.

काही दिवशी गळ्यातून आवाज निघणारच नाही. त्या दिवशी गायलंच पाहिजे असं नाही. वही उघडून ओळीवर बोट ठेवून वाचा. तेही नको वाटलं तर घरातल्या दुसऱ्या कुणाला म्हणायला सांगा आणि तुम्ही नुसते बसा. मंडळी असते ती यासाठीच, की एकाचा आवाज बसला तर दुसऱ्याने गावं.

५. घरातलं कुणी दूर निघालं असेल तर

विमानतळाच्या दारात गाऊ नका. दाबोळी असो की मोपा, तिथे सगळ्यांचं लक्ष बॅगांच्या वजनाकडे असतं. आदल्या रात्री जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी, टेबलाशीच गा. याला आधार आहे. वल्हांडणाचं शेवटचं जेवण झाल्यावर येशू आणि शिष्य स्तोत्र गाऊन मग जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असं मत्तयाच्या २६व्या अध्यायात आहे.

त्याच वेळी फोनवर रेकॉर्ड करा. मागे प्रेशर कुकर वाजला, लहान मूल मधेच बोललं तरी ते राहू द्या, पुन्हा घेऊ नका. जाणाऱ्याच्या फोनमध्ये ती फाइल घरी असतानाच उतरवून ठेवा. जहाजावर नेटचा भरवसा नसतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं ऐनवेळी उघडत नाही.

६. मंडळीत किंवा इगर्जीत (कॅथलिक चर्चमध्ये) न्यायचं असेल तर

मराठी उपासनेत ही गोष्ट सोपी आहे. पाळकसाहेबांना आधी सांगा, पेटीवाल्याला पट्टी द्या, शब्दांचे कागद जास्तीचे काढून न्या. ऐन उपासनेत उभं राहून ‘मला एक गीत द्यायचंय’ म्हणू नका, आमच्यासारख्यांची पळापळ होते.

कॅथलिक कुटुंबात आला असाल तर रीत वेगळी आहे. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, कोणतं गीत कुठे बसेल हे फादर आणि कॉयरचे प्रमुख ठरवतात. लग्न आणि अंत्यविधीची गीतं आधी दाखवावी लागतात. सिनेमातल्या चालीवर बसवलेलं गीत बहुतेक ठिकाणी नाकारलं जाईल, आणि ते बरोबरच आहे. उपवासकाळात ‘आलेलुया’ म्हणत नाहीत, वाद्यंही गाण्याला आधार देण्यापुरतीच वाजतात. तुमच्या गीताच्या धृपदात आलेलुया असेल तर ते पुनरुत्थानाच्या सणानंतरसाठी ठेवा.

कोंकणी गीतं गायची इच्छा असेल, आणि सासर गोव्याचं असेल तर ती असायलाच हवी, तर अडचण लिपीची येते. कागदावर कोंकणी रोमी लिपीत असते. एक गोष्ट कळली की निम्मं काम होतं: तिथे ‘एक्स’ हे अक्षर ‘श’ असं वाचायचं. शब्दाच्या शेवटी आलेला ‘एम’ बऱ्याचदा नुसता अनुस्वार असतो. येशूला ‘जेजू’ म्हणतात, प्रभूला ‘सोमी’. पहिले काही रविवार शेजारच्या बाईच्या तोंडाकडे बघून ऐका आणि घरी येऊन शब्द देवनागरीत उतरवा. सासूबाईंना उच्चार विचारा. विचारायला गेलं की गाण्याबरोबर घरातल्या पुष्कळ गोष्टी कळतात.

वाड्यावरच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) किंवा घरी लादाईन, म्हणजे जमून म्हणायची प्रार्थना, असते तेव्हा बाहेरच्या माणसालाही बोलावतात. लातिन आणि कोंकणी प्रार्थना चालीत म्हटल्या जातात, कधी व्हायोलिन असतं. सगळं संपलं की उकडलेले चणे आणि पेय हातात येतं. तुमचं मराठी गीत मधे घुसवू नका. चणे वाटले जाताना यजमानांना विचारा. ते बहुधा आनंदाने हो म्हणतात आणि नंतर स्वतःचं एखादं जुनं गाणं काढतात. नाही म्हणाले तर चणे खा.

७. छापणं, पडद्यावर दाखवणं, यूट्यूबवर टाकणं

इथे बरेच जण गोंधळतात. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाणं हे भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात उल्लंघन धरलेलं नाही. पण ही सूट गाण्याला आहे. शब्द छापून पुस्तिका विकणं किंवा व्हिडिओ करून चॅनलवर टाकणं यात येत नाही. कवी वारल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. त्यामुळे टिळकांचे शब्द कधीच मोकळे झाले आहेत. पण त्यांच्या गीताला कुणी नवी चाल लावली असेल तर त्या चालीवर हक्क असू शकतो, आणि रेकॉर्डिंगचा हक्क वेगळाच. अनुवादित गीतात मूळ कवी आणि अनुवादक असे दोघं येतात. शंका असेल तिथे प्रकाशकाला ईमेल करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. ‘सगळेच टाकतात’ हे उत्तर नव्हे.

८. गीत कधी सोडायचं, आणि कधी गीतावर थांबायचं नाही

एखाद्या दिवशी लक्षात येईल की तोंड गातंय आणि डोक्यात बाजाराची यादी चाललीय. दोन-तीन आठवडे असंच होत राहिलं तर त्या गीताचं काम झालं. ते रोजच्यातून काढा. वर्षश्राद्धासारख्या दिवशी किंवा आल्याच्या तारखेला गा, नाहीतर मंडळीच्या वळणावर येईल तेव्हा. सवयीने ओढत नेलं की चांगलं गीतसुद्धा गुळगुळीत होतं.

याच्या उलट, आठवड्यामागून आठवडे झोप नाही, जेवण नको, कामावर जावंसं वाटत नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर अजून एक कडवं पाठ करणं हा उपाय नव्हे. कुणी श्रद्धा कमी पडतेय म्हणालं तर त्याचं ऐकू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो. बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ आहे, गोवा मेडिकल कॉलेजच्या परिसराजवळच. जाताना जुनी औषधं आणि चिठ्ठ्या बरोबर ठेवा, आणि शक्यतो एकटे जाऊ नका. मंडळीतल्या कुणाला गाडी काढायला सांगा.

गीत सोडताना वहीतल्या त्या पानावर पट्टी, कोणती कडवी गायलात आणि कोणत्या बदलात गायलात एवढं लिहून ठेवा. पुढच्या बदलीवर तुमच्या जागी येणाऱ्याला त्या पानाचा फोटो पाठवता येतो, आणि पेटीवाल्यालाही दर वेळी सा शोधत बसावं लागत नाही.